मंजुळाच्या काळजाची दोन चित्रं

घिवली गावात मंजुळाला निवांत बसलेली पाहिलेलं माणूस शोधूनही सापडलं नसतं. घरात असली तर हातात केरसुणी नाहीतर कोयती, किनाऱ्यावर असली तर बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकायला टांगण्यात गढलेली, आणि बोईसरच्या बाजारात पाटी मांडून बसली तरी एक गुडघा उभाच. गिऱ्हाईक समोर यायच्या आधीच ती निम्मी उठलेली असायची. नवरा कमलाकांत होडी हाकणारा तांडेल, अबोल माणूस. तो म्हणायचा, हिला पायांच्या जागी शेपटी असती तर ही किनाऱ्याला लागलीच नसती.

छातीतली फडफड सुरू झाली तीही बाजारातच. होळी होऊन गेली होती. कॉलनीतली एक बाई सरंगा माशाच्या भावावरून हटून बसली होती, मंजुळाही हटली होती, आणि बोलता बोलता तिच्या छातीत, पाटीतली जिवंत मासळी उलटावी तसं काहीतरी उलटलं. एकदा, दोनदा, मग उलटतच राहिलं. तिने बाई म्हणेल त्या भावात सरंगा देऊन टाकला. शेजारच्या साखरबाईला तेवढ्यावरूनच कळलं की काहीतरी बिघडलंय, कारण मंजुळा भाव सोडणाऱ्यांतली नव्हे.

पुढे ती फडफड केव्हाही येऊ लागली. रेतीचा चढ चढताना, टमटममध्ये पाटी चढवताना, कधी नुसती पाणी पीत असताना. मंजुळा सोडा प्यायची, पोटात वारा धरलाय म्हणायची आणि चालू पडायची. पाय संध्याकाळी सुजत. चपलेचा पट्टा घोट्यात रुतून खूण राहायची. ती खूण तिने लुगड्याखाली झाकली. पण एका दुपारी बाजारात ती पाटीवरच ओणवी झाली आणि तिला वर येता येईना. साखरबाईने तिची मासळी आपल्या पाटीत ओतली, तिला रिक्षात घातलं आणि मुलाला, भावेशला, फोन लावला. भावेश तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता, तो शिफ्ट सोडून आला.

पालघरच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. कागदाच्या पट्टीवर डोंगर उमटले होते, पण एकाही डोंगराचं दुसऱ्याशी अंतर सारखं नव्हतं. हृदयाचा ताल सुटलाय, डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी मुंबईच्या एका इस्पितळाची चिठ्ठी दिली.

तिथल्या डॉक्टर भाग्यश्री वयाने भावेशच्याच आसपासच्या. त्यांनी मंजुळाला दाखल करून घेतलं, सुईतून औषध देऊन अंगात साठलेलं पाणी काढलं, आणि तिला बरं वाटायला लागल्यावर मोठ्या मशीनमध्ये घालून हृदयाचं चित्र काढलं. मग कमलाकांतला आणि तिला समोर बसवून सगळं समजावलं. हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात फुप्फुसांकडून शिरा येऊन मिळतात. त्यांच्या तोंडापाशी नको ते ठोके उठतायत. छाती उघडायची नाही, मांडीच्या शिरेतून बारीक तार वर न्यायची आणि त्या तोंडांभोवती चटके देऊन वाट बंद करायची. पण आत डोळ्याने काही दिसत नाही. म्हणून हे चित्र आधी काढून ठेवलंय. तार आत गेली की तिचं टोक भिंतीला जिथे जिथे टेकेल तिथे संगणक एक ठिपका उमटवणार. ते ठिपके या चित्रावर बरोबर बसले, की आपण नेमके कुठे आहोत ते कळतं.

कमलाकांतने तेवढ्यात एकच प्रश्न विचारला, की नाही बसले तर काय. डॉक्टर म्हणाल्या, त्या कप्प्याला अगदी चिकटून मागे अन्ननलिका जाते. तिथे चटका बसून चालायचं नाही.

परत येताना गाडीत तो बराच वेळ बाहेर बघत होता. मग म्हणाला, "आमच्या होडीवरच्या मशीनवर कधी कधी खडक एकीकडं दिसतो नि असतो दुसरीकडं." मंजुळाला वाटलं, हे त्याने मनातच ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

तारीख काही आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर गोळ्या घ्यायच्या होत्या. एक रक्त पातळ करायची, एक ठोके आवरायची, आणि एक सकाळी उठल्या उठल्या घ्यायची, अंगातलं पाणी लघवीवाटे काढायची. ही तिसरी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. सून स्नेहाने गोळ्या देव्हाऱ्याशेजारी ठेवल्या, म्हणजे नजरेसमोर राहतील.

पहिल्या सकाळी मंजुळाने तिन्ही घेतल्या आणि पाटी घेऊन बाजार गाठला. आता बाजाराचं असं होतं, की तिथे बायांना जायला जागाच नव्हती. वर्षानुवर्षं त्या मासळीवाल्या घरून निघताना चहासुद्धा अर्धा कप घेत, आणि घरी परतेपर्यंत पाण्याला तोंड लावत नसत. पूर्वी बाजाराच्या मागे झुडपं होती, तिथे आता इमारत उभी राहिली होती. त्या दिवशी गोळीने मंजुळाला बसू दिलं नाही. ती उठली, इमारतीच्या मागच्या भिंतीआड गेली, तर वरच्या गॅलरीतून एक माणूस ओरडला. काय ओरडला ते तिने ऐकून घेतलं नाही. लुगडं सावरत परत आली, पण त्या दिवशी तिच्या तोंडून भावाचे आकडेसुद्धा नीट फुटेनात. थोड्या वेळाने तिला पुन्हा उठावं लागलं. शेवटी अर्धी मासळी साखरबाईच्या गळ्यात मारून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिने ती गोळी घेतली नाही. बाजाराहून आल्यावर घेऊ, असं स्वतःला सांगितलं. आल्यावर भात टाकायचा होता, जाळं शिवायला कमलाकांत हाक मारत होता, आणि अंग हलकंच वाटत होतं. राहिलं. मग तिसऱ्याही दिवशी राहिलं. स्नेहाने विचारलं तर ती म्हणायची घेतली. सून काही तिच्या तोंडात बघणार नव्हती.

पहिले काही दिवस काही झालं नाही, आणि त्यामुळे तिला धीर आला. मग चपलेचा पट्टा पुन्हा रुतायला लागला. उताणं झोपलं की श्वास अडायचा, म्हणून तिने एकावर एक उशा घेतल्या, मग भिंतीला टेकून झोपू लागली. कमलाकांतने कारण विचारलं तर उकाड्याचं नाव सांगितलं. तारीख जवळ येत होती आणि तिच्या जिवाची नुसती तगमग होत होती. आता गोळी सुरू करावी तर स्नेहाला कळेल की आधी बंद होती. न करावी तर पाय दिसतायत. इस्पितळात सांगावं तर ते तारीख पुढे ढकलतील, आणि मग पुन्हा इतके दिवस ही फडफड. एकदा तार आत जाऊ दे, म्हणजे सगळं आपोआप जागेवर येईल, अशी तिने मनाची समजूत घातली. घरातली भांडी ती घासलेली पुन्हा घासत होती.

इस्पितळात दाखल होताना तिने पाय पांघरुणात घेतले. नर्सने गोळ्यांबद्दल विचारलं, तिने घेते अशी मान हलवली. वजन वाढलेलं दिसलं तेव्हा ती म्हणाली, घरचं खाणं लागतंय. नर्स हसली, पण तिने ते लिहून घेतलं. डॉक्टरांनी ते वाचून तिच्या छातीला नळी लावून ऐकलं, थोडं पाणी वाटतंय म्हणाल्या आणि सुईतून एक औषध दिलं. सकाळपर्यंत जरा बरं वाटलं. तिने आणखीच बरं असल्याचं सांगितलं.

त्या खोलीत थंडी होती. तिला अरुंद टेबलावर उताणं निजवलं, हात बाजूला बांधल्यासारखे ठेवले. गुंगीचं औषध होतं, पण पूर्ण झोप नव्हती. काचेपलीकडे संगणकांपुढे बसलेली मुलगी आधी आत येऊन तिच्या पाठीवर गार गार पट्ट्या चिकटवून गेली होती. तिचं नाव रुचिता. सफाळ्याची. "मावशी, तुमी घिवलीच्या ना? आमच्याकडे तुमच्याच बाजूची सुकी मासळी येते," असं ती म्हणाली तेव्हा मंजुळाला त्या सगळ्या यंत्रांमध्ये एक ओळखीचं तोंड मिळाल्यासारखं झालं होतं. चित्रावर ठिपके बसवायचं काम हीच करणार होती.

तार गेली तेव्हा मांडीत दाब कळला, बाकी काही नाही. बाजूच्या मोठ्या पडद्यावर निळसर रंगाचा एक फुगीर आकार होता, त्याला चार शिंगं फुटल्यासारख्या शिरा. हे आपलं काळीज, हे तिला समजलं. त्यावर एकेक ठिपका उमटू लागला. आणि तेवढ्यात तिला खोकला आला.

ती दाबून धरायला गेली तर आणखी आला. उताणं पडून छातीत पाणी चढल्यासारखं होत होतं, श्वास भरला की पुरत नव्हता, म्हणून ती मोठे मोठे श्वास ओढत होती. हलू नका मावशी, कोणीतरी म्हणालं. ती हलत नव्हती, श्वासच तिला हलवत होता. पडद्यावरचे ठिपके निळ्या आकाराच्या कडेला बसायचे सोडून बाहेर पडत होते, एका बाजूला तर चांगलेच दूर. रुचिताने काचेपलीकडून सांगितलं की जुळत नाहीये. डॉक्टरांनी तिला चित्र थोडं फिरवून पुन्हा बसवायला सांगितलं. तिने बसवलं. एक कड जुळली की दुसरी सुटायची. मग डॉक्टरांनी नवे ठिपके घेतले, पुन्हा तेच. रुचिता म्हणाली, मॅडम, हे नुसतं सरकलेलं नाही, कप्पाच मोठा झालाय.

मंजुळाला स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. डॉक्टर तिच्या डोक्याशी आल्या, मास्कमधून म्हणाल्या, "मंजुळाताई, आज मी चटके देणार नाही. माझ्याकडचं चित्र आणि तुमचं आजचं हृदय वेगळं आहे. तार काढून घेतेय." मंजुळाला हे एवढं कळलं की जे व्हायचं होतं ते झालं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं, आणि हात बांधल्यासारखे असल्यामुळे तिला ते पुसताही येईना.

दुपारी डॉक्टर वॉर्डात आल्या, बरोबर रुचिता होती. कमलाकांत पलंगाच्या पायथ्याशी उभा, स्नेहा डबा घेऊन आलेली. डॉक्टर म्हणाल्या, चित्र काढलं तेव्हा अंगात पाणी नव्हतं, आज खूप आहे, आणि ते एका दिवसात साठत नाही. रात्री एका सुईवर भागेल असं मला वाटलं, ते भागलं नाही. गोळी तर चालू आहे, मग हे कसं झालं ते मला समजायला हवं, नाहीतर पुढच्या वेळी हेच होईल. कदाचित गोळी लागू पडत नसेल, मी बदलून देते.

स्नेहा म्हणाली की आई रोज घेतात. कमलाकांतनेही मान हलवली. दोघं तिच्या बाजूने बोलतायत हे ऐकून मंजुळाला राहवेना. ती कोपरावर उठली.

"गोळी बदलू नका," ती म्हणाली. "गोळीचा दोष नाय. मी घेतलीच नाय."

स्नेहाच्या हातातला डबा तसाच राहिला. डॉक्टरांनी का म्हणून विचारलं, आवाजात राग होता, आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"घेतली तर बाजारात बसता येत नाय. तिथं बायांना जायला जागा नाय."

कुठे जायला, असं डॉक्टर विचारणार होत्या, पण रुचिताने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या. म्हणाल्या की हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, आणि हेही म्हणाल्या की आपणही विचारलं नव्हतं. पण गोळीतून सुटका नव्हती. तार पुन्हा घालायची तर तोवर सकाळ-दुपार दोन्ही वेळा ती घ्यावी लागणार. बाजार तेवढे दिवस बंद ठेवता येईल का, ते घरच्यांनी ठरवायचं.

जायच्या आधी रुचिताने तिला मोबाइलवर दोन चित्रं दाखवली, एक आधीचं आणि एक आजच्या ठिपक्यांनी बनलेलं. मंजुळाने बराच वेळ पाहिलं. "ही दोन बायांची वाटतात," ती म्हणाली. रुचिता म्हणाली, तसंच आहे मावशी, तुम्ही आम्हाला एकीचं दाखवलं आणि टेबलावर दुसरीच आली.

घरी कमलाकांतने तिला एक शब्द बोलून दाखवला नाही. स्नेहाने मात्र तोंडावर विचारलं, "मला तरी सांगायचं होतं ना आई. मी काय परकी हाय?" सुनेसमोर लघवीचं बोलायची लाज वाटली, हे सांगायचीही मंजुळाला लाज वाटत होती.

ती घरी बसली. म्हणजे बसली नाहीच. दारातून मागच्या दारी, मागच्या दारातून किनाऱ्यावर, तिथून परत. सुकलेले बोंबील मोजून झाले, निवडून झाले, पुन्हा निवडून झाले. पायांची सूज उतरली, श्वास मोकळा झाला, पण फडफड होतीच, आणि आता ती ऐकायला दुसरं काम नव्हतं. शेजारच्या पोरीबाळींशी भांडण काढलं. एके सकाळी तिने गोळी घेतली, पाणी भरपूर प्याली आणि पाटी उचलली. स्नेहा आडवी आली. मंजुळा म्हणाली, "गोळी घेतलीय. तू बघितलीस. आता जाऊ दे मला."

बाजारामागच्या इमारतीत तळमजल्याला चंद्रकांता नावाची बाई ब्लाउज शिवायची. मंजुळा तिला ओळखत होती ती मांदेली घेणारी म्हणून, तेवढंच. ती वेळ आली तेव्हा मंजुळा पाटी साखरबाईवर सोडून तिच्या दारात गेली. इतक्या वर्षांत मासळीसाठी ती शेकडो दारांत उभी राहिली असेल, पण त्या दारात ती चौकट धरून राहिली. चंद्रकांताला वाटलं मासळी आणलीय. मंजुळाने नाही अशी मान हलवली आणि एका दमात सांगून टाकलं, हृदय, गोळी, तार, सगळं. चंद्रकांता मशीनवरून उठली आणि मागचं संडासाचं दार दाखवलं. हात धुवायला साबण ठेवलाय, एवढंच म्हणाली.

मंजुळा रोज जाऊ लागली. मग साखरबाईने विचारलं, मी पण येऊ का. तिच्यामागे आणखी दोघी. मग चंद्रकांता चिडली, आणि तिचं चुकलं असं कोणी म्हणू शकलं नसतं. नळाला पाणी तासभर यायचं, तेवढ्यात टाकी भरायची, आणि ती दुपारीच रिकामी होऊ लागली. एक दिवस तिने दार लावून घेतलं. मंजुळा दाराबाहेर उभी राहिली, आत मशीनचा आवाज येत होता. तिला ओरडणारा तो गॅलरीतला माणूस आठवला, आणि पाय मागे फिरायला लागले. पण गोळी पोटात होती. तिने दार वाजवलं आणि म्हणाली, पाण्याचं आमी बघतो. दुसऱ्या दिवसापासून बाजारातल्या हौदावरून आळीपाळीने हंडे येऊ लागले. दार उघडलं, पण चंद्रकांताचा चेहरा लगेच उघडला नाही. त्याला दिवस गेले.

दुसऱ्या खेपेला इस्पितळाने घाई केली नाही. आधी वजन पाहिलं, पाय दाबून पाहिले, छातीचा फोटो काढला, आणि तार घालायच्या आदल्याच दिवशी मोठ्या मशीनमध्ये हृदयाचं चित्र नव्याने काढलं. टेबलावर उताणं निजवलं तेव्हा मंजुळा खोकला यायची वाट बघत राहिली. आला नाही. तरी तिचं मन टेबलावर ठरेना. आता येईल, मग येईल. तिच्या टाचा चादरीवर घासत होत्या. रुचिताने पट्ट्या लावताना तिच्या घोट्यावर हात ठेवला आणि म्हणाली, श्वास छोटा छोटा घ्या, बाकी काही करू नका. काही न करणं हेच तिला येत नव्हतं.

ठिपके उमटू लागले. तिने पडद्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. या वेळी ते कडेला बसत होते. एखादा बाहेर गेला की तिचा जीव वर यायचा, मग रुचिता चित्र जरासं फिरवायची आणि तो परत कडेवर यायचा. बराच वेळ हे चाललं. शेवटी काचेपलीकडून रुचिताचा आवाज आला, "बसलं, मॅडम. सगळीकडून बसलं."

चटके बसले तेव्हा छातीत खोल, पाठीकडे, कोणीतरी गरम बोट टेकवल्यासारखं दुखलं. तिने दात आवळले, हलली नाही. फडफड मध्येच वाढली, मग एकदम थांबली. इतकी एकदम, की तिला वाटलं आपण गेलो. डॉक्टर म्हणाल्या, ताल आला.

पण गोष्ट तेवढ्यावर मिटली नाही. महिना झाला नसेल, एका सकाळी बोंबील टांगताना फडफड परत आली. तीच मासळी, तशीच उलटणारी. मंजुळा रेतीवर खाली बसली आणि या वेळी तिने ताबडतोब स्नेहाला हाक मारली. फोनवर डॉक्टर म्हणाल्या की चटक्यांच्या जखमा भरेपर्यंत असं होऊ शकतं, तीन महिने थांबून मगच काय ते कळेल. ते तीन महिने तिने कसे काढले ते तिलाच माहीत. बाजारात बोलता बोलता तिचं बोट मनगटावर जायचं. गिऱ्हाईक सुटं काढेपर्यंत ती ठोके मोजायची, आणि मोजता मोजता भाव विसरायची. फडफड आणखी दोनदा आली, एकदा थोडकी, एकदा अर्धा दिवस. मग आली नाही.

तपासणीला तिच्या छातीला छोटं मशीन बांधून घरी पाठवलं, ते परत नेऊन दिलं, डॉक्टरांनी पट्टी पाहिली. डोंगर एकसारखे होते. पाणी काढायची गोळी एक दिवसाआड केली, बाकीच्या तशाच ठेवल्या. पुन्हा कधीच होणार नाही असं मी सांगत नाही, डॉक्टर म्हणाल्या, पण आज हृदय चांगलं चाललंय. रुचिताने बाहेर गाठून विचारलं, बरं वाटतंय ना आता?

"वाटतं बरं," मंजुळा म्हणाली. "पण आत इतकं गप्प हाय ना, की सारखं कान लावून बसावं लागतं."

खाली कमलाकांत गाडीपाशी उभा होता. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं, आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. गाडी हायवेला लागल्यावर तो म्हणाला, उद्या होडी लवकर येणार, मासळी बरी असेल. मंजुळाने किती वाजता म्हणून विचारलं, आणि बोट मनगटावरून काढून घेतलं. थोड्या वेळाने ते परत तिथे गेलं.